अडतीस

लेमहाय नदीच्या काठी ऑक्टोबरात
पाचालाच डोंगराची सावली गराजपर्यंत येते.
हीटर लाल व्हायला वेळ घेतो.
तोवर बाबा कॉफीचा जुना डबा नुसता हलवत बसतात.
शिसं खुळखुळत नाही. आदळतं.

डब्यावर मार्करनं आईचं अक्षर:
तीस-तीसच्या. ओतून झाल्या. चेक लावायचे.
खाली मार्चमधली तारीख.
एप्रिलमध्ये ती गेली.

आमच्या घरात ओतायचं काम तिचं.
टायरवाल्या क्लीटसकडून चाकांची जुनी वजनं
ती बादलीनं आणायची,
वितळलेल्या शिशावरची मळी पळीनं काढायची
आणि पळी झटकताना दर वेळी
एकच शिवी द्यायची, नॉर्वेजियन, आजोबांची.
बाबा फक्त झाडायचे.

चेक म्हणजे तांब्याची वाटी,
मुंगीनं ताक प्यावं एवढी.
ती गोळीच्या बुडाला बसवायची.
कशाला, ते आईनं मी नऊ वर्षांची असताना सांगितलं:
मागून जाळ येतो, पोरी, उघड्या शिशाला चाटून जातो.
नाकाला पोचा पडला तरी गोळी बरीचशी सरळ जाते.
बूड बिघडलं की मग ती कुणाचीच नाही.
हे ती गोळ्यांबद्दलच बोलत होती,
माझ्या भावाबद्दल नाही.
तेव्हा तरी नाही.

आज वाटी मी बसवते,
अंगठ्यानं दाबते, उजेडात धरून बघते तिरकी नाही ना.
दांडा बाबा ओढतात.
त्यांचा हात आता कापतो, पण दांडा धरला की
कापणं दांड्यात कुठंतरी मुरतं.
कर्र, मग सैल.
गोळी वर येते तेव्हा तांब्यानं शिसं घट्ट धरलेलं असतं
आणि खाचांतून मेण भरलेलं, पिवळट,
कानातल्या मळासारखं, असं मी म्हटलं
तर बाबा हसले. मार्चनंतर पहिल्यांदा असेल.

मेण ट्वायलाच्या पोळ्यांचं, चरबी मेंढीच्या लोकरीची.
आई त्यात आणखी काहीतरी टाकायची,
काय ते तिनं कुणाला सांगितलं नाही,
म्हणून यंदाचं जरा ठिसूळ झालंय.

तेविसावी गोळी सुरकुतलेली निघाली.
कुशीवर बारीक घड्या, झोपून उठलेल्या गालावर असतात तशा.
साचा थंड असला की असं होतं.
आईचा साचा कधी थंड नसायचा.
सुरकुतलेली परत भांड्यात, हा तिचा कायदा,
त्यात बाबांनाही सूट नव्हती.

दिसली नसेल तिला, मी म्हटलं.
दिसली असणार, बाबा म्हणाले.
उभं राहवत नव्हतं. साचा तापेपर्यंत थांबली नसेल.

मग त्यांनी हात पुढे केला.
मी वाटी बसवून दिली.
त्यांनी दांडा ओढला, इतरांसाठी ओढला तसाच,
आणि गोळी डबीत न ठेवता
शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं.

डबीत पन्नास भोकं. सदतीस भरली.
डबी फळीवर गेली, आईच्या पळीशेजारी.
नोव्हेंबरात बाबा डोंगरात गेले ते
सॅमनच्या दुकानातून विकतच्या गोळ्या घेऊन.
मी विचारलं नाही.
हरीण मिळालं नाही, तेही विचारलं नाही.

परवा रविवारी ड्रायरमध्ये काहीतरी टक् टक् करू लागलं.
मला वाटलं मशीन गेलं.
दार उघडलं: गरम शर्ट, खिशावर तेलकट डाग,
डाग आता जायचा नाही,
आणि पत्र्याच्या तळाशी ती.
मेण सगळं वितळून गेलेलं.
घड्या तशाच.
नखानं ओढून पाहिलं,
तांबं जागचं हललं नव्हतं.