सदतिसावं भोक

हा परवा लिस्बनहून आला, बुटांच्या खोक्यात,
कापसात गुंडाळलेला, सोबत चिठ्ठी:
आवाज कोंदट येतो. जपून.

जाळी काढली. आत सोनं काळवंडलेलं.
चाळीस वर्षांची थुंकी आहे ही, दुसरं काही नाही.
प आणि ब,
ओठ मिटून उघडणारं प्रत्येक अक्षर
एकेक तुषार ठेवून गेलं
आणि सिगारेटच्या धुरानं त्यावर साय धरली.

मी ऊर्ध्वपातित पाणी घेते, खारीच्या केसांचा कुंचला,
आणि श्वास रोखून धरते.

हा पापुद्रा केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका.
ओटिलिए क्रामर याचा रस काचेवर ओतायची
थुरिंगियातल्या जानेवारीत, शेगडी विझवून,
कारण राखेचा एक कण आज चुकला
तर उद्या कुणाच्या तरी व्हायोलिनमध्ये तडतडणार.
मग निर्वात हंडीत सोन्याची वाफ.
मग कडीवर ताणणं: समोरासमोरचे स्क्रू, अर्धा अर्धा आटा.
टिचकी कधी मारली नाही तिनं.
दिव्याखाली धरायची,
आणि त्यात खिडकीची चौकट सरळ दिसली की
म्हणायची, बास.

मागे पितळेची चकती, तिला भोकं,
काही आरपार, काही आंधळी.
मध्ये चाळीस मायक्रॉनची पोकळी आणि साठ व्होल्ट.
आवाज म्हणजे काय, ती नव्या पोरांना विचारायची
आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगायची:
अडलेली हवा. कुठे किती अडवायची, तेवढं शिका.

एकोणसाठ साली वीलांट मोश शिकत होता, सतरा वर्षांचा.
आदल्या रात्री त्याचा भाऊ पलीकडे निघून गेला होता,
निरोप न घेता, याचे नवे बूट घालून.
सदतिसावं भोक आंधळं असायचं.
आरपार गेलं.

फेकायला हवं होतं. पण पितळ मोजून मिळायचं
आणि महिना संपत आला होता.
बसवलं तसंच.
चाचणीला नेहमीप्रमाणे खानावळीची नाउक बाई आली,
नेहमीप्रमाणे आठवड्याचा फळा वाचू लागली:
सोमवार, बटाटे. मंगळवार, बीट. बुधवार,
आंबट कोबी आणि
(इथे ती थांबली, कारण हेडफोन लावलेल्या चौघांनी
एकदम माना वर केल्या होत्या)
सॉसेज, असल्यास.

त्या "असल्यास"मध्ये नाउक बाई पूर्ण होती.
तिचा दात, तिचा दमा, तिनं न विचारलेलं सगळं.

नंतर मुद्दाम तसंच पाडून पाहिलं, अकरा चकत्यांत.
नाही आलं.
वीलांटलाच पाडायला लावलं. नाही आलं.
ओटिलिएनं आराखड्यावर पेन्सिलीनं लिहिलं, कारण अज्ञात,
आणि तो मायक्रोफोन इतरांसोबत पेटीत भरून पाठवून दिला.

त्याच हिवाळ्यात दोन माणसं आली, एकसारख्या कोटांत.
त्यांना हवा होता छोटा, बटणाएवढा, भिंतीत बसेलसा.
भिंतीला कान असतात ही आमच्याकडे म्हण नव्हती,
मागणीपत्र होतं.
ओटिलिए म्हणाली, भिंतीतली ओल याला सोसत नाही.
चिकीची दमट हवा लागली की कढईसारखा चुरचुरतो.
आणि हे खरंही होतं,
एवढंच तिचं शौर्य, ती म्हणायची,
की खरं होतं तेच सांगितलं.
त्यांनी दुसरीकडून घेतले.

मी तिच्याच टेबलावर बसते. टेबल डाव्या बाजूला झुकतं.
थुंकी निघाली, आणि धुतलेलं सोनं इतकं पातळ
की त्यातून मागची भोकं दिसतात.
चकतीमागे दिवा धरते. मोजते.
दरवेळी मोजते, काम नसतानाही.

पस्तीस, छत्तीस.
सदतिसावं आंधळं.
हा तो नव्हे.

बशीतलं पाणी राखाडी झालंय.
यात कोण कोण गायलंय मला ठाऊक नाही,
पोर्तुगीज मला येत नाही.
ते खिडकीबाहेर कुंडीत ओतते,
मग खुर्ची सरळ करून
फुटाभर अंतरावरून म्हणते:
सोमवार, बटाटे.