रकाना चौथा

पूर ओसरला तेव्हा खोब्रागडीनं
रपट्याच्या खांबाला अडकवून ठेवलेला हा बगळा:
मान पोटात, एक पाय दुमडलेला,
चोच मात्र नाही.
मी काहीच कोरलं नाही. चिखल तेवढा काढला
जुन्या टूथब्रशनं.

प्रदर्शनाच्या अर्जात रकाना चौथा:
लाकडाचा प्रकार.

वडशाच्या आरामशीनवर जागोजी वाढई
नखानं खरवडून म्हणाला, ऐन.
मग चष्मा लावून म्हणाला, ऐन नसंल तर कळम.
मग तळहातावर वजन तोललं
आणि चहा मागवला.
वनरक्षकाला एवढंच हवं होतं, की साग नाही ना.
नाही म्हणालो.
मग लिहा काहीही, म्हणाला.

शाळेत खिचडी शिजवणारी जैवंता मडावी
लाकूड धुरावरून ओळखते.
धावडा निखारा धरून ठेवतो,
सालई उदासारखी दरवळते,
मोह ती चुलीत घालतच नाही,
"ज्याचं खाल्लं थे कायले जाळा जी?"

तिच्यापुढं बगळा ठेवला.
जाळल्याबिगर कसं सांगू, असं तिचं तोंड झालं.
क्षणभर माझंही.

मग पंखाखालून विळ्यानं
नखाएवढी ढलपी काढली तिनं.
काचेच्या ग्लासात पाणी, पाण्यात ढलपी,
ग्लास उन्हात, हापशीच्या ओट्यावर.
पोरं ताटं घेऊन भोवती.
मधली सुट्टी संपली, घंटा कुणी दिली नाही.

बराच वेळ नुसतं पाणी.
मग कडेकडेनं निळं,
गॅसच्या ज्योतीच्या बुडाशी असतं
तेवढंच.

"बीजा," ती म्हणाली. "बीजा व्हय जी."
आणि बगळ्याच्या पाठीवर बोटानं टकटक केलं.
"आमच्या मांदरीचं खोड याचंच.
आयका. पोकळ झालं, पन बोलते अजून."

मी रकान्यात लिहिलं: बीजा.
रकाना लांब होता, जागा उरली.
कोरचीच्या डोंगरातला की सीमेपलीकडचा,
वाऱ्यानं पडला की कुऱ्हाडीनं,
किती पावसाळे नदीनं याला घासलं,
ते विचारायला खाली ओळच नव्हती.
पंखाखाली ताजी, पिवळट खूण राहिली.
प्रदर्शनात ती बाजू भिंतीकडं करावी लागेल.

मान वर केली तर ग्लास रिकामा.
जैवंता पदरानं तोंड पुसत होती.
"साखर हाय मले," म्हणाली,
आणि ढलपी माझ्या हातावर ठेवून
भांडी घासायला गेली.