सातव्या खंडाबद्दल, आन्सेल्मला

आन्सेल्म, तू विचारलंस, कसा वाटला.
दुकानात गर्दी होती, मी नुसतं "ठीक" म्हणालो.
ठीक नाहीये.

लीएजच्या खालच्या अंगाला, म्यूझ नदीवर
चौतीस वर्षं जलपाशाची दारं उघडली-मिटली मी.
कोळशाची गलबतं, वाळूची गलबतं, एकदा तर अख्खी सर्कस.
म्हणून पान बारा उघडलं आणि हसूच आलं:
बुडत्या शहराची दारं यांनी उलट्या तोंडानं काढलीत.
दाराची चोच लोंढ्याकडे हवी रे,
म्हणजे पाणीच ती दाबून घट्ट मिटतं.
ही अशी असती तर ड्रॅगन यायच्या आधीच
शहर वाहून गेलं असतं
आणि मालिका पहिल्या खंडातच आटोपली असती.

ड्रॅगनचं काय सांगू.
फार देखणा झालाय. खवला न् खवला मोजून घ्यावा.
आधीच्या सहा खंडांत तो ओल्या गोणपाटासारखा दिसायचा,
शाईचा गचाळ डाग, डोळा कुठे तेही कळत नसे,
आणि त्या डागाला मी भ्यायचो,
पन्नाशी उलटलेला बाप्या, दिवा चालू ठेवून झोपायचो.
शाईवाला बदललाय म्हणे. नव्या पोराचा हात स्वच्छ आहे.
इतका स्वच्छ की अंधारसुद्धा धुऊन वाळत घातलाय.
कागद गुळगुळीत. वास नाही. किंमत मात्र आहे.

आता पान एकतीस.
राणी युद्ध हरून येते,
पलंगाच्या कडेवर बसते, बूट काढायला लागते.
चार चौकटी. बोलण्याचा एकही फुगा नाही.
पहिलीत बूट निघत नाही.
दुसरीतही नाही.
तिसरीत ती दाराकडे बघते,
तिथे तिचे बूट ओढणारा म्हातारा उभा असायचा
(सहाव्यात मेला, कोपऱ्यातल्या एवढ्याशा चौकटीत,
आम्ही पान उलटून पुढे गेलो होतो)
आणि चौथीत राणी झोपलीय,
बुटासकट.

चार वर्षं लावली यांनी या खंडाला.
तिच्या कानामागे पांढरं आलंय.
आधी वाटलं, रंगवणाऱ्याचा हात चुकला,
मग पाहिलं तर सगळ्या पानांवर आहे.
म्हणजे तीही थांबलेली होती,
दोन मुखपृष्ठांच्या मधल्या फटीत.
मधल्या काळात आमचा फिर्मँ गेला.
ड्रॅगनचा आवाज तोच काढायचा,
सुपाच्या पातेल्यात तोंड घालून,
आणि वहिनी ओरडायची, पातेलं घासणार कोण.
हा खंड मी मनातल्या मनात वाचला.
कदाचित म्हणूनही असेल. तेवढं वजा कर माझ्या मतातून.

आठवा आला की एक प्रत बाजूला ठेव.
शेवटची लढाई उरकलीय, भाषा बरी आहे,
आणि ते पान एकतीस कापून भिंतीवर लावणार होतो,
पण त्याच्या पाठीला, बत्तीसवर,
परत तीच उलटी दारं.
भिंतीकडे तोंड करून
रात्रभर गळत बसतील.