पाच कळ्या

आमच्या अमळनेरच्या कॉलेजमागे
पाण्याच्या टाकीपासून रुळांपर्यंत
निलगिरीची बत्तीस झाडं.
एकतीस सामाजिक वनीकरणाची,
रोपं ट्रकने आली, खड्डे रोजंदारीवर खणले.
बत्तिसावं देवरे सरांचं.
त्यांनी कुठूनसं बियांचं पाकीट मागवलं,
अकरा उगवल्या,
दहा पहिल्याच मे महिन्यात गेल्या.

यंदा टेंडर निघालं. विहीर हीच झाडं पितात म्हणे.
खोटं नाही, पुरतं खरंही नाही.
दगाजी लाल रंगाचा डबा घेऊन
खोडाखोडावर फुल्या मारत निघाला.
साल सगळ्यांची सारखीच सोलते,
पान चुरगळलं की तोच वास,
लहानपणच्या सर्दीचा.

मी घाईने यादी काढली.
एकीच्या नावापुढे, काळजीचं कारण नाही.
तिच्याच बहिणीपुढे लाल अक्षरं,
मायदेशी एक टेकडी उरलीय, तिच्यावर थोडी झाडं.
तिकडचं लाल म्हणजे जपा,
इकडचं लाल म्हणजे तोडा,
दगाजीला समजावताना मलाच हसू आलं.

"मंग वळखानं कसं?"
मी फांदी वाकवली. कळ्या मोज.
एका देठावर सात, टोपी शिंगासारखी, तर फुली.
तीन, टोपी उपड्या वाटीसारखी, तर पुढे जा.
कपाशीचं वाण बोंडावरून सांगणारा माणूस,
त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.
केळीचे घड गाडीत चढवताना मोजावेत
तसा शिडीवरून ओरडत राहिला,
सात. सात. सात.
टाकीजवळ आवाज उतरला. तीन.
खाली येऊन त्याने त्या खोडाला
खताची रिकामी गोणी बांधली, सुतळीने, दोन गाठी.

मग मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं एक,
कुणीच न लावलेलं,
माझ्याहून दोन हात उंच, यंदाच कळ्यांवर आलेलं.
त्याने दोनदा मोजलं.
"मॅडम, आठे तं पाच शेतस."
टोपी धड शिंग नाही, धड वाटी नाही.

मधमाश्यांना यादी वाचता येत नाही.
सरांचं झाड इतकी वर्षं
एकतीस जणींच्या वाऱ्यात उभं होतं.
असंही संपतात म्हणे झाडं,
कुऱ्हाडीशिवाय, लेकरांमधून थोडी थोडी.

"हाई कोनं लेकरू?" दगाजी विचारतो.
ब्रशवरून रंग त्याच्या चपलेवर टपकतोय.
मी यादीची पानं उलटतेय, मागून पुढे,
पुन्हा पुढून मागे,
पाचचा रकाना कुठे आहे.