हळदणकरांच्या खाली

रुवीतलं कार्गोचं दुकान, रात्रीचे साडेनऊ.
काउंटरवर खोका: दूध पावडर, दोन ब्लँकेटं,
मुलीच्या शिलाई मशीनची मोटर.
समोर क्षीरसागर. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक.
मी बसवलेला प्रोग्रॅम चार दिवसांचा.
तो म्हणतो, नोंद नाही.

पुन्हा टाइप करते. नोंद नाही.
"मी आहे हो," ते म्हणतात, जरा हळू,
व्हिसाच्या खिडकीत म्हणावं तसं.

आधी नेहमीच्या खोडी तपासल्या:
नावामागे चिकटलेली रिकामी जागा,
डोळ्यांना न दिसणारं एखादं जोडचिन्ह.
अक्षरं मोजली. दोन्हीकडची सारखी भरली.
मग यादीच वाचत गेले, वरपासून, बोट ठेवून,
आणि नाव होतं.
अगदी तळाशी, हळदणकरांच्या खाली.

यंत्र असं वाचत नाही.
ते यादी मधोमध उघडतं,
विचारतं: अलीकडे की पलीकडे?
अर्धी टाकून देतं. पुन्हा मधोमध.
चार हजार नावं, बारा प्रश्न.
बाराव्याला ते कोळंबेकर आणि खांबेटे
यांच्या मध्ये येऊन उभं राहिलं.
दोघं खेटून बसलेले. परत फिरलं.

यादी लावली होती मुकादमचाचांनी.
इथे येण्याआधी दापोलीकडे मास्तर होते,
गेल्या रमजानला कायमचे गावी गेले.

खोका उचलता उचलता क्षीरसागर म्हणाले,
"शाळेत हजेरीला असंच व्हायचं.
'ह'वाले संपले की मी आपला उभाच राहायचो.
कधी कधी गुरुजी त्याआधीच वही मिटायचे."

माझा हात कळफलकावर थांबला.
ह, ळ, क्ष, ज्ञ.
चाचांच्या वर्णमालेत क्ष शेवटून दुसरा.
यंत्राच्या लेखी तो 'क'च्याच घरातला:
एक पाय मोडका क, त्याला टेकलेला ष.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
लावणाऱ्याची रीत एक, शोधणाऱ्याची दुसरी.

सगळी यादी यंत्राच्या क्रमाने लावता आली असती,
एका बटणाचं काम.
नाही लावली. शोधालाच चाचांची वर्णमाला शिकवली.
चौदा ओळी, दोनदा चुकल्या;
ळ पुन्हा पुन्हा ल शेजारी जाऊन बसत होता.

पावती निघाली तेव्हा
एसीखालची बादली भरून सांडू लागली होती.
क्षीरसागरांनी नाव वाचलं, एकदाच,
सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली.
"मोटर आहे आत," म्हणाले. "उलटी ठेवू नका."