राखण

माझं काम एवढंच : तळ्याकाठी बसायचं,
येणाऱ्याचे पाय बघायचे.
महिन्याला थोडी ज्वारी, साबणाची वडी,
आणि एक पिवळी टोपी, जिला गुरं बुजतात.

आधी पोटरी दाखव म्हणतो,
गुरांची खुशाली मागाहून.
म्हातारी न्यानकिर म्हणते,
जावई शोधतोस की बैल?

नारूला पाण्याची ओढ.
वर्षभर अंगात मुकाट वाढतो, हातभर, सुतासारखा,
मग घोट्याशी फोड येतो, निखारा ठेवल्यासारखा,
आणि माणसाला एकच सुचतं : पाय बुडवावा.
बुडवला की तो आपली पिल्लं सोडतो
साऱ्या गावाच्या घागरीत.

चौदा महिने मी वहीत शून्य लिहिलं.
शून्य मला छान काढता येतं.
बाकीचे आकडे जुबाहून येणारा कारकून काढतो.

आज दुपारी आलुएल आली. माझीच. नऊ वर्षांची.
लंगडत नव्हती, धावत होती,
म्हणून आधी कळलंच नाही
की ती माझ्याकडे येत नाहीये.

पाणी दोन हातांवर असताना तिला धरलं.
चावली मला. मनगटावर अजून दातांची रांग आहे.
"बाबा, नुसतं बोट. एकच बोट."
खांद्यावर टाकून बाभळीपर्यंत नेली,
घागर आणली, कोरड्या मातीत तिच्या पायावर ओतली,
पुन्हा आणली, पुन्हा ओतली.
पाणी मातीत गेलं, तिथंच संपलं.

मोटारसायकलवरून अबुक आली.
फोड धुतला, पांढरं टोक काडीला गुंडाळलं.
रोज बोटभर, म्हणाली. ओढायचं नाही,
तुटला तर आत सडतो.
मग वही उघडली :
"वर्षामागं, याच सुमारास,
पोरगी कुठलं पाणी प्यायली?"

गळ्यातली गाळणीची नळी तिनं तेव्हाच हरवली होती,
गुरांच्या छावणीच्या वाटेवर.
गाळायचं कापड घरी.
ऊन असं की बैल जीभ काढून उभे.
एक डबकं होतं. वरून स्वच्छ दिसत होतं.
मी ओंजळ भरली
आणि ती प्यायली,
माझ्या बोटांच्या फटी
आपल्या बोटांनी दाबून धरत,
थेंब सांडू नये म्हणून.

अबुक थांबली आहे, पेन्सिल धरून.
तळ्याकडं कोणीतरी येतंय, डोक्यावर डबा.
मी उठतो, ओरडतो,
पोटरी दाखव.