बर्फ कसा होता

आमच्या घरात बर्फाला आजवर एकच काम होतं:
मेलेल्या पापलेटाला संध्याकाळपर्यंत ताजं ठेवायचं.
जुईलीच्या बाबांचे तळवे बघा,
ससून डॉकवर वीस वर्षं लाद्या फोडून
रेषाच पुसल्यात त्यांच्या.

आणि आता भर मे महिन्यात, पहाटे पाचला,
मी स्वेटर घालून रिक्षात बसते.
रिक्षावाला आरशातून बघतो. बघू दे.
मॉलचा पुढचा दरवाजा बंद. मागून,
मालाच्या लिफ्टनं वर जातो आम्ही,
भाजीच्या क्रेटांबरोबर.
दुकानं उघडायच्या आत दीड तास बर्फ आमचा.
त्याचे पैसे कसे जमतात ते विचारू नका.
एक पाटली गेली. दुसरी हातात सैल वाटते.

फ्रेनी मॅडम ओरडतात, अ‍ॅक्सल!
पुढे तोंड करून उडायचं, हवेत दीड गिरकी,
उतरायचं पाठमोरं.
दीडकीच्या पाढ्याला मी शाळेत हमखास अडखळायचे.

पहिल्यांदा पडली तेव्हा चपलांसकट धावले बर्फावर,
मीही आपटले.
बाकीच्या आया हसल्या. जुईली नाही हसली.
रात्री म्हणाली, तू बघत जाऊ नकोस.
तू श्वास रोखतेस, मला ऐकू येतो.

म्हणून खांबामागे बसते, पाठ करून,
तिच्या चपला मांडीवर घेऊन.
पातं धरलं तर लांबलचक खर्रर्र,
रावसाची खवलं काढल्यासारखं.
नाही धरलं तर आधी काहीच नाही,
मग धप्प.
त्या मधल्या काहीच-नाहीत
मी किती वेळा म्हातारी झालेय.

स्पर्धेत सहावी आली, तेरा जणींत.
रात्र रात्र जागून फ्रॉकवर लावलेल्या चारशे टिकल्यांतली
एक बर्फावर राहिली.
तिचेही गुण कापतात, हे मला माहीत नव्हतं.
ती रडली नाही. मोजे काढताना
अंगठ्याचं काळं नख
माझ्या नजरेआड करत राहिली फक्त.

घरी बाबा आंघोळ करून बसलेले.
सहावी का, टिकली कुठली,
सगळी उत्तरं मी रस्ताभर घोकली होती.
त्यांनी विचारलं,
"बर्फ कसा होता?"

तिनं स्टूल ओढलं.
दोन शब्दांत दिवस काढणारी माझी पोर
हातवारे करून सांगायला लागली:
मधे कडक, कडेला सुटलेला,
वर पाण्याचा पापुद्रा.
"रात्री कुणीतरी दार उघडं टाकलं असणार."
"मलाही तेच वाटलं, बाबा."

मी चहा टाकायला उठले.
पाणी उकळलं तरी
दोघं बोलतच होती.